फेरीपुरती

ती माझी नव्हती, हे मला पहिल्या पेडललाच कळलं.

तिमाही तक्ता भरून देईपर्यंत साडेपाच वाजून गेले होते. बाहेर आले तर पंचायत समितीच्या आवारात कडुनिंबाखाली एकच सायकल उरली होती. हिरवी, बायकांची, मडगार्डचा रंग अजून चिकट. मी कुलूप काढलं, पिशवी हँडलला अडकवली, पेडलवर पाय ठेवून रेटा दिला आणि गाडी कण्हली. माझी गाडी कधी कण्हत नसे. मी उतरले, स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं. दोन फेरे घेऊन ते थांबलं. माझं चाक एकदा फिरवलं की माणसाने आत जाऊन पाणी पिऊन यावं, तरी फिरत असायचं.

ज्ञानू शिपाई पायरीवर बसून रॉकेलच्या बोळ्याने हात पुसत होता. माझी गाडी कुणी नेली म्हणून त्याला विचारलं, तर तो म्हणाला की बाराच्या बारा सारख्या, त्यात तुमची कंची नि त्यांची कंची मला काय ठावं; रंग दे म्हणाले, दिला.

त्याचंही खोटं नव्हतं. ही अडुसष्ट सालची गोष्ट. वारणाकाठच्या आमच्या तालुक्यात आम्ही बारा ग्रामसेविका होतो आणि सरकारने आम्हाला एकाच खेपेत आलेल्या बारा सायकली दिल्या होत्या. रंग एक, बनावट एक, कुलपंसुद्धा एकाच खोक्यातली. कुणाचीही किल्ली कुणाच्याही कुलपाला लागायची आणि आम्ही त्यावर हसायचो. सरकारी खूण म्हणजे मागच्या मडगार्डवरचा पांढरा नंबर. माझा अकरा होता. शिवाय जिची तिची खूण वेगळी. कुणी हँडलला रिबन बांधायची, कुणी पुढे वेताची टोपली लावायची. मी कधी काही बांधलं नाही. सुशीला म्हणून आमच्यातली एक फटकळ बाई होती, ती विचारायची, तुझी तू ओळखतेस कशी गं? मी तोऱ्यात म्हणायचे, डोळे बांधून बसव, बसल्या बसल्या सांगते.

त्या महिन्यात नवे साहेब आले होते आणि त्यांना गंजलेली मडगार्डं बघवेनात. गुरुवारच्या मासिक सभेला त्यांनी सगळ्या गाड्या निंबाखाली ओळीने लावायला सांगितल्या, रिबिनी आणि टोपल्या काढायला लावल्या, आणि आम्ही आत धूरविरहित चुलींचे आकडे सांगत होतो तोवर ज्ञानूने बाराही मडगार्डांवरून हिरवा हात फिरवला. जुने नंबर त्याखाली गेले. सभा संपताना साहेबांनी सांगितलं की शनिवारी सकाळी दहाला सगळ्यांनी पुन्हा यायचं. नंबरवार एकेकीने फाटकापासून निंबापर्यंत आणि परत अशी फेरी मारून दाखवायची, म्हणजे गाडी चालते का आणि बाईंना चालवता येते का, दोन्ही कळेल. फेरी झाली की तिथल्या तिथे नवा नंबर पडेल आणि रजिस्टरला चढेल. त्यानंतर तक्रार चालणार नाही.

म्हणजे माझी गाडी माझ्याकडे आणायला मला मधला एक शुक्रवार होता.

आता कुणी म्हणेल, सगळ्या सारख्याच होत्या तर एवढा जीव का टाकायचा. मी एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याच्या घरून परत आले होते. भावाकडे राहत होते. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही नव्हती. पण चूल वहिनीची, भिंत भावाची, माझं लुगडं ज्या खुंटीवर असायचं ती खुंटीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी ठोकलेली. सेविका झाले आणि ही गाडी आली. प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर तिच्यावरून मी सतरा वेळा पडले. तिच्यावर बसून पहिल्यांदा गावात शिरले तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली होती, मानाने नव्हे, बघायला. त्याला आठ वर्षं झाली होती. महिन्यातून एका रविवारी मी तिला अंगणात पूर्ण खोलायची. चाकांतले छर्रे काढून परातीत रॉकेलमध्ये घालायचे, एकेक पुसायचा, ग्रीस भरायचं, तारा ताणून बघायच्या. वहिनी शेजारणींना सांगायची, आमच्या वन्सं पोराला न्हाऊ घालावं तसं घालतात बघा. ते मला लागायचं, आणि लागायला नको असंही वाटायचं, कारण ते खरं होतं.

त्या संध्याकाळी मी ती कण्हणारी गाडी चार मैल रेटत घरी आले. जेवण गेलं नाही. ही कुणाची असेल, माझी आता कुणाच्या दारात असेल, पावसापाण्यात उघडी ठेवली असेल का, मुलं खेळत असतील का, एवढंच डोक्यात. भाऊ म्हणाला, सरकारची गाडी सरकारकडेच आहे, झोप. मी झोपले नाही.

शुक्रवारी सकाळी बाजारात बाबालाल मिस्त्रीने दुकानाची फळी उचलली तेव्हा मी तिथे उभी होते. बाबालाल तालुक्यातला जुना सायकलवाला. गाडी खोलायची कशी, हे मला त्यानेच शिकवलं होतं. मी त्याला म्हटलं, दुरुस्ती नको, ही गाडी कुणाची ते सांगा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वैद्याला नाडी न दाखवता कुंडली दाखवत होते. पण गाडी उलटी केली आणि खाली बसला.

आधी त्याने मागचं चाक फिरवून बघितलं. पेडल फिरवलं, कान लावला. सीटखाली बोटं घातली. मग एकेक सांगायला लागला. सीटची डावी स्प्रिंग बसली आहे, उजवी कोरी आहे. म्हणजे बाई सगळा भार डाव्या अंगावर टाकून बसते. डाव्या पेडलचं रबर झिजून लोखंड दिसतंय आणि उजव्याच्या रबरावरची नक्षीसुद्धा गेलेली नाही. त्याने उजवं पेडल माझ्यापुढे धरलं. आसाभोवती बारीक धागे गुंडाळलेले होते, जांभळ्या रंगाचे, साडीच्या काठाचे असतात तसे.

"पाय बांधून घेतीया ही," बाबालाल म्हणाला. "उजवा. त्यात जोर न्हाई. सुटू ने म्हणून काठानं बांधतीया."

मग त्याने मडगार्डच्या आतून नख ओढलं. बाहेरून रंग होता, आतून ज्ञानूने हात घातला नव्हता. नखात तांबडा मुरूम आला. आमच्या काठच्या गावांत सगळी काळी माती. तांबडा मुरूम म्हणजे पश्चिमेची डोंगराकडची गावं, आणि तिकडे आमच्यातल्या तिघीच होत्या. त्यातली लंगडणारी एकही नव्हती. मी तसं बाबालालला सांगितलं. तो म्हणाला, तिघींना चालताना बघितलंय का तुम्ही?

दोघींना पाहिलं होतं. तिसरी खिंडवाडीची अनसूया नाईकवडी. दर सभेला मी पोचायचे तेव्हा ती आधीच जागेवर बसलेली असायची. चहाला आम्ही सगळ्या उठून मागच्या पडवीत जायचो, ती म्हणायची मला चहा चालत नाही. सभा संपली की तक्ते लावत बसायची, तुम्ही व्हा पुढे म्हणायची. गेल्या दोन-अडीच वर्षांत मी तिला उभी पाहिल्याचं आठवेना. फक्त काल, पहिल्यांदाच, मी तक्ता भरून बाहेर आले तेव्हा ती माझ्याआधी निघून गेलेली होती.

खिंडवाडी बाजारापासून नऊ मैल. पहिले सात सपाट, पुढचे दोन चढ. त्या गाडीने माझा जीव काढला. सपाटीलासुद्धा ती मागे ओढायची, जशी कुणी कॅरिअर धरून चालतंय. चढावर मी उतरले आणि ढकलत नेली. मनात सगळी भाषणं तयार करत होते. चोरी म्हणायचं की नाही, इथून सुरुवात होती.

अनसूयाचं घर रस्त्यालाच होतं. सोप्यात माझी गाडी उभी होती. चाकाखाली पोतं अंथरलेलं, अंगावर जुनी चादर. चादरीखालून फक्त पुढचं चाक दिसत होतं, तरी मला कळलं. अनसूया जमिनीवर बसून मुगाच्या डाळीतले खडे निवडत होती. मला बघून ती दचकली नाही.

"या," ती म्हणाली. "मला वाटलं, दुपार होईल तुम्हाला."

बसा म्हणाली, मग पाणी आणते म्हणून उठली. भिंतीला हात लावून उठली. उजवा पाय काठीसारखा पुढे आला, कमरेतून हिसका देऊन, आणि ती माजघरात गेली. परत येताना तांब्या हिंदकळत होता. मी तयार केलेलं भाषण तिथेच राहिलं.

ती आपणहून सांगायला लागली. अडीच वर्षांपूर्वी उतारावरून येताना ओढ्याच्या पुलावर गाडी घसरली आणि गुडघा दगडावर आपटला. हाडवैद्याने बांधला, तो तसाच बसला. वाकतो, पण अर्धाच, आणि जोर लावला की कळ डोक्यात जाते. नोकरीच्या कागदावर अंगाने धडधाकट असल्याचा दाखला आहे, तो जुन्या पायाचा. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. घरात सासू आणि दोन मुली, पगार एकटीचा. म्हणून ती सभेला सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. आपल्या पाच वाड्या कशाबशा करायची, चढ आला की लोकांची नजर चुकवून चालत. खिंडवाडीची माणसं तिला सांभाळून घेत, बाहेर बोलत नसत. पण आता साहेबांसमोर फेरी होती.

"गेल्या पावसाळ्यात तुम्ही आजारी होतात," ती म्हणाली. "तुमचे तक्ते न्यायला मी तुमच्या गावाला आले होते. तुमच्या भावाने परतताना तुमची गाडी दिली होती बाजारापर्यंत, माझी पंक्चर झाली म्हणून. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. तापात होते.

"माझा उजवा पाय जोर लावत नाही, मालनबाई. नुसता वजनाने खाली येतो. माझ्या गाडीला ते वजन पुरत नाही. तुमच्या गाडीला पुरतं."

तेवढं बोलून तिने पुन्हा सूप पुढे ओढलं. माफी मागितली नाही. मागितली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, ते सगळं खरं, पण गाडी माझी आहे.

"सरकारची आहे," ती म्हणाली.

"मग सरकारलाच सांगते, कुणाचा पाय कसा आहे ते."

हे मी बोलले. आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, बरंच विसरले, हे वाक्य विसरले नाही. अनसूयाने निवडता निवडता हात थांबवला. मग कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, राहू द्या, माझीही लागते. चादर काढली, घडी घालून पायरीवर ठेवली आणि माझी गाडी बाहेर घेतली.

उताराला लागले आणि, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. अंगावर काटा यावा इतका. दोन मैल पाय न हलवता आले. चाकांचा तो बारीक, एकसारखा आवाज, हँडलची ती डावीकडे जायची खोड, ब्रेकला बोट लागताच ऐकणं. सगळं जिथल्या तिथे. ओढ्याच्या पुलावर मी ब्रेक लावला आणि उगाचच दगड बघितले. मग सपाटी आली.

सपाटीला माझं मन पुन्हा जागेवर राहीना. तिचं वाक्य पायात शिरलं होतं. मागेपुढे कुणी नाही असं पाहून मी उजवा पाय सैल सोडला. पेडलवर नुसता ठेवला, मेल्यासारखा. डाव्याने दाबायचं आणि उजव्याने काहीच करायचं नाही. गाडी जात होती. हळू, पण जात होती. उजवा पाय आपल्याच वजनाने खाली यायचा आणि डावा वर. मी तशी कितीतरी अंतर गेले, एका बैलगाडीवाल्याने वळून पाहिलं तोवर. मग मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही, आणि मी दोन्ही पायांनी जोरजोरात मारत घर गाठलं. वहिनीने विचारलं, मिळाली का? मी म्हटलं, मिळाली. ती म्हणाली, मग चेहरा असा का?

शनिवारी मी साडेनऊलाच पोचले. अनसूया माझ्याही आधी आलेली होती. फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर बसली होती, गाडी भिंतीला टेकवलेली. कुणाच्या तरी बैलगाडीतून गाडीसकट उतरली असणार, चाकांना धूळ नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला, जसा दर सभेला करायची तसा. मी माझी गाडी लांब, दुसऱ्या टोकाला लावली.

साहेब कडुनिंबाजवळ खुर्ची टाकून बसले, पुढ्यात टेबल आणि रजिस्टर. फाटकापाशी ज्ञानू पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि पत्र्याचे कापलेले आकडे घेऊन. आम्ही बाकीच्या मध्ये सावलीत. फाटकाकडून निंबाकडे आवाराला किंचित चढ होता. रोज कुणाच्या लक्षात आला नसता. मला त्या दिवशी तो डोंगराएवढा दिसत होता.

एक नंबर झाली. दोन नंबरच्या बाईंनी घंटी वाजवत अशी ऐटीत फेरी मारली की साहेबसुद्धा हसले. तीन म्हणजे सुशीला. तिची झाल्यावर साहेबांनी रजिस्टरमध्ये पाहून हाक मारली, चार, नाईकवडी.

अनसूया भिंतीवरून थेट सीटवर सरकली. उजवा पाय हाताने उचलून पेडलवर ठेवला, पण साडी सारखी केल्यासारखं करून. भिंतीला रेटा देऊन निघाली. तीन-चार वाव गेली आणि गाडी थबकली. तिने डावा पाय टेकला. साहेबांनी विचारलं काय झालं, ती म्हणाली पुन्हा येते साहेब. मागे रेटत भिंतीपर्यंत आली, पुन्हा निघाली. पुन्हा तिथेच. आता बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, घाबरली असेल. तिसऱ्या वेळी गाडी भिंतीपाशीच डगमगली आणि ती पडता पडता वाचली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि तिच्या पायांकडे बघत म्हणाले,

"नाईकवडीबाई, गाडी राहू द्या. चालत इकडे या बघू जरा."

अनसूया हलली नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती, मानेवर घाम. तिने गाडीवरून उतरून एक पाऊल टाकलं की सगळं संपत होतं. आणि ते पाऊल टाकायच्या तयारीने तिने भिंतीकडे हात नेला.

मी काय ठरवलं होतं असं कुणी विचारलं तर काहीच नाही. मी माझी गाडी घेऊन पुढे निघाले होते, एवढंच.

"साहेब, त्यांची गाडी माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "गुरुवारी रंगाच्या गडबडीत मी चुकून नेली. त्यांच्याकडची माझी. ती नादुरुस्त आहे."

साहेब म्हणाले, म्हणजे आठ वर्षं वापरलेली गाडी तुम्हाला ओळखता आली नाही? मी म्हटलं, नाही आली. मागून सुशीला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि म्हणे डोळे बांधून ओळखते. सगळ्या हसल्या. साहेबही. त्या हसण्यात साहेबांची नजर तिच्या पायांवरून निघाली. मी गाडी तिच्या अगदी अंगाला नेऊन लावली, म्हणजे तिला पाऊल टाकावं लागू नये. एका हाताने तिची धरली, एका हाताने माझी. ती या सीटवरून त्या सीटवर आली.

"फेरीपुरती," मी तिच्या कानात म्हटलं.

तिने मान हलवली आणि निघाली. चढावर गाडी हळू झाली, पण थांबली नाही. उजवा पाय वजनाने खाली येत होता, डावा दाबत होता. निंबाला वळसा घातला, साहेबांनी रजिस्टरमध्ये खूण केली, आणि ती उताराने फाटकाशी परत आली. माझा बेत एवढाच होता की ती उतरेल, भिंतीवर बसेल, मग कुठेतरी गर्दीत आम्ही गाड्या बदलून घेऊ. नंबर शेवटी एकदम पडतील असं मी का धरून चालले होते, देव जाणे. तिघींचे पडलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. ती सीटवरच होती, डावा पाय भिंतीवर टेकवून, तोवर ज्ञानूने वाकून पत्र्याचा आकडा मडगार्डला लावला आणि ब्रश फिरवला. पत्रा उचलला. चार.

मी तोंड उघडलं होतं. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे तालुक्यात सगळ्यांना माहीत झालं आणि लोक म्हणायला लागले, मालनबाईंनी स्वतःची गाडी दिली. अनसूयाच्या मुलीच्या लग्नात तर कुणीतरी माईकवर सांगितलं. मी दिली नव्हती. मी ज्ञानूला थांब म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि थांब म्हटलं तर का थांब, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी तोंड मिटलं. यात दिलं काय आणि घेतलं काय, मला आजही नीट सांगता येत नाही.

अकरा नंबर आला तेव्हा मी त्या कण्हणाऱ्या गाडीवर बसून फेरी मारली. साहेब म्हणाले, चेनला तेल घाला बाई. मी म्हटलं, हो.

सगळ्या गेल्यावर अनसूया भिंतीवरच बसून होती. मीही रेंगाळले होते. तिने गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, रंग ओला आहे, रॉकेलचा बोळा फिरवला तर दोन्ही नंबर निघतील, ज्ञानूला मी सांगते. तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी गाडीकडे बघत होते.

"पुढचा ब्रेक आधी दाबू नका," मी म्हटलं. "आधी मागचा, मग पुढचा. हँडल डावीकडे ओढतं, उतारावर लक्ष ठेवा. आणि छर्ऱ्यांना शिवणयंत्राचं तेल नाही घालायचं, पातळ पडतं. ग्रीस लागतं. परातीत काढले तर मोजून काढा, एक जरी हरवला तरी चाक आस खायला लागतं."

ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, थांबा, लिहून घेते, आणि सभेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागली. मी सांगत गेले. ती विचारत गेली. ज्ञानूने कुलूप लावायला आल्यावर आम्हाला उठवलं.

तो महिना मी कसा काढला, विचारू नका. नवी अकरा नंबर बाबालालकडे पूर्ण खोलली, दोन रविवार घासली. उजवं पेडल आणि डावं पेडल अदलाबदल करून लावता येत नाही, आटे उलटे असतात, म्हणून डावं नवीन घातलं. तरी ती ती नव्हती. रस्त्याने जाताना मनात दुसरीच गाडी चालायची. खिंडवाडीत पाऊस झाला असेल का, पोतं बदललं असेल का. अनसूया लिहून घेते, पण करते का? मला खात्री होती की करत नसणार. पाच वाड्या, सासू, दोन मुली. कुठे बसते ती परात घेऊन? आणि करत नसेल तर मला काहीतरी बोलायचा हक्क येतो, असं मी रोज थोडं थोडं ठरवत होते. काय बोलायचं तेही ठरलं होतं.

पुढच्या सभेला मी मुद्दाम तासभर आधी गेले. आवारात कुणी नव्हतं. अनसूया आत जागेवर बसलेली खिडकीतून दिसली, तिने मला पाहिलं नाही. चार नंबर निंबाखाली उभी होती. मी पिशवी खाली ठेवली आणि बसले. चेनवरून बोट फिरवलं. तारा एकेक करून ताणून पाहिल्या. आसाच्या टोकाला नख घातलं, ग्रीस ताजं होतं. ब्रेकची रबरं, सीटच्या खिळ्या, मडगार्डची आतली बाजू, जिथे कुणी बघत नाही. तिथला मुरूमसुद्धा पुसलेला होता. मग स्टँडवर चढवून चाक फिरवलं आणि बघत बसले, ते थांबेल म्हणून.

अर्धा तास मी शोधत होते. एकही खोट सापडली नाही.